मिश्रीच्या डबीचं झाकण

अक्का,

तुमचं तेरावं होऊन आज पाच दिवस झाले. पाहुणे गेले, भाड्याची भांडी परत गेली, आणि मी तुमच्या खोलीत बसून हे लिहिते आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मंदा, त्वांडानं बोलायचं सोडून कागुद कशाला नासतीस." पण तोंडानं बोलणं मला कधी जमलं नाही, हे तुम्हाला माझ्या आईपेक्षा जास्त ठाऊक होतं.

तीस वर्षं आपण जावा होतो. त्यातली सतरा वर्षं घरात मधे भिंत आणि दोन चुली. भांडण कशावरून झालं ते तुमच्या मते पापडाच्या पिठावरून, माझ्या मते मी अंगणवाडीची नोकरी धरली त्यावरून. त्या सतरा वर्षांत मी तुमच्याशी जे बोलले ते माझ्या शुभीच्या तोंडून. "मोठ्या आईला विचार, नळ आला का." आणि तुम्ही भिंतीपलीकडून शुभीलाच सांगायचात, "तुज्या आईला म्हनाव, कान हाईत ना, ऐक की पान्याचा आवाज."

गंमत अशी की ज्या नोकरीवरून बिनसलं, त्या नोकरीमुळंच माझी लेक तुमच्या मांडीजवळ वाढली. तुमच्या मांडीवर विड्यांचं सूप, सुपाच्या कडेला तिची पाटी. शेजारच्या नरसम्मा तुमच्याबरोबर विड्या वळायला बसायच्या. त्या तुम्हाला त्यांच्या तेलुगूत अक्का म्हणायच्या, ते ऐकून सगळी गल्लीच म्हणायला लागली. मी सगळ्यांत शेवटी म्हणाले. तुमच्या मांडीला लागून माझी मुलगी बाराखडी शिकली आणि मी तुम्हाला एकदाही बरं केलंत म्हणाले नाही. पोटात होतं. तोंडापर्यंत येता येता त्याचं काय व्हायचं कुणास ठाऊक.

बोलणं सुरू झालं ते दोरीवरच्या परकरावरून. धुतलेला होता, तरी डाग गेला नव्हता. तुमची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. मी भिंतीला वळसा घालून आले आणि विचारलं. तुम्ही म्हणालात, उष्णता झाली असंल, धन्याचं पाणी पिते. आणि मी शिकलेली, अंगणवाडीत बायकांना आरोग्याचे धडे देणारी, मी दुसऱ्या दिवशी तुम्हाला धने आणून दिले. पाच महिने आपण दोघी मिळून त्या रक्ताला धन्याचं पाणी पाजत होतो. लघवीतून येतंय हे तुम्ही लाजून सांगितलं नाहीत, मी लाजून विचारलं नाही.

मग दवाखाना, दुर्बीण, तपासणीचा तुकडा. मूत्राशयाचा कॅन्सर, आणि मूत्राशय पूर्ण काढायचं. आतड्याचा एक तुकडा घेऊन लघवीला पोटावरून नवी वाट करायची, तिथं कायमची पिशवी लावायची. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. तुम्ही चित्र बघून म्हणालात, "म्हंजी मोरी बदलायची." डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही, कारण माझ्या डोक्यात तेव्हाच दुसरा हिशेब सुरू झाला होता.

आता जे लिहायचं ते लिहिते, अक्का. याच्यासाठीच कागद घेतला आहे.

शुभीचं लग्न ठरलं होतं, कुर्डुवाडीच्या घरात. मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, माणसं चांगली, तुळशीचं लग्न झाल्यावरचा मुहूर्त. डॉक्टरांनी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नवरात्राला आठ-दहा दिवस होते. त्यांनी बजावून सांगितलं होतं, यांना खाऊ घाला. अंडी, डाळ, दूध, दाणे. रोज चालवा. ऑपरेशन मोठं आहे, अंगात काही शिल्लक असेल तर जखम भरते. मी मान हलवली. आणि घटस्थापनेला तुम्ही नेहमीसारखे नऊ दिवसांचे उपवास धरलेत, एक केळं आणि चहावर. मी तुम्हाला अडवलं नाही. घरातली थोरली म्हणून घट तुमच्याकडं होता, आणि तुम्ही सोडला असता तर तो माझ्याकडं आला असता. अंगणवाडी सांभाळून नऊ दिवस माळ आणि आरती मला झेपली नसती. वर मनाला सांगितलं, देवीचं आहे, देवी बघेल.

दसऱ्यानंतर भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आपल्याला समोर बसवलं. साखर आहे का, बी.पी. आहे का, दम लागतो का. मग, "बिडी, सिगारेट, तंबाखू?" तुम्ही जन्मभर विड्या वळल्या पण एकही ओढली नाही, हे मला माहीत होतं. आणि तुमच्या कमरेला मिश्रीची डबी आहे हेही मला माहीत होतं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि विड्यांचा कट्टा बांधून झाला की एकदा. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी म्हणाले, "नाही हो, कसलंच व्यसन नाही." खरं सांगते, त्या क्षणी मला ते खोटंही वाटलं नाही. आपल्या घरात मिश्री म्हणजे दात घासायचं. तिला तंबाखू म्हणायचं तर निम्म्या गल्लीला व्यसनी म्हणावं लागेल. पण तुमची नजर मला कळली होती. मी बोलून गेले होते, आणि परक्या माणसासमोर धाकट्या जावेला खोटं पाडायचं तुमच्या रीतीत बसत नव्हतं. तुम्ही डबीवरून पदर ओढून घेतलात.

इथवरचं तुमच्यासमोर घडलं. पुढचं तुमच्या माघारी.

तुम्हाला बाकावर बसवून मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, रक्त कमी आहे, वजन उतरलंय, रक्तातलं प्रोटीन फारच खाली आहे. वयही आहे. अशा पेशंटला ऑपरेशननंतर त्रास होण्याची शक्यता जास्त असते, आतडं सुरू व्हायला वेळ लागतो, टाके धरत नाहीत, छातीत कफ होतो. तीन आठवडे थांबू. तेवढ्यानं आजार काही पळून जाणार नाही.

तीन आठवडे म्हणजे दिवाळीच्या पुढं. म्हणजे लग्नात तुम्ही दवाखान्यात, मी दवाखान्यात, आणि वाईट काही झालंच तर घरात सुतक आणि मुहूर्त मोडलेला. आत्ता झालं तर महिन्याभरात तुम्ही उठून बसाल. हे सगळं मी उभ्या उभ्या मोजलं. आणि म्हणाले, "साहेब, त्या घरी व्यवस्थित खातात. रोज दोन अंडी. थांबायला नको, त्यांचा धीर सुटेल." डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी कागदावर लिहिलं की धोका जास्त असल्याचं सांगितलं आहे, आणि मी त्याखाली सही केली. तुमचा धीर सुटेल म्हणाले मी. सुटला होता माझा.

नंतरचं तुम्हाला सांगायला नको, तुम्ही भोगलंत. ऑपरेशन नीट झालं, पण आतडं सहा दिवस हललं नाही. पोट फुगून नगारा, नाकात नळी. तशातही तुम्ही सिस्टरला विचारलंत, "बाई, ह्या नळीनं च्या जातो का?" मग खोकला लागला, खोकल्यानं टाके उसवले, पुन्हा आत नेलं. त्या दिवशी डॉक्टर तोंड तपासताना थबकले. हिरड्या काळ्या. "मिश्री लावता?" मी भिंतीकडं बघत होते. तुम्ही म्हणालात, "लावत हुते. सोडली." कधी सोडली ते तुम्ही सांगितलं नाहीत, त्यांनीही विचारलं नाही. पण तुम्ही खरंच त्या दिवशी सोडली, हे मला नंतर कळलं. मिश्री म्हंजी तंबाकू न्हाय, ती भाजलेली असती, हा तुमचा वाद मात्र तुम्ही शेवटपर्यंत सोडला नाहीत. तो आता अर्धाच राहिला. माझ्याकडं त्याला उत्तर तयार होतं, द्यायचं राहून गेलं.

सव्वीस दिवसांनी तुम्ही घरी आलात, आणि लग्नाला पाच दिवस असताना ताप चढून परत गेलात. मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग. ज्या लग्नासाठी मी घाई केली, ते लग्न तुमच्याशिवाय लागलं. शुभी हळदीच्या अंगानं दवाखान्यात यायला निघाली होती, मीच तिला अडवलं, हळद लागलेल्या पोरीनं उंबरा ओलांडू नये म्हणून. अक्षता पडल्या तेव्हा ती मांडवात मला शोधत नव्हती, मला कळत होतं ती कुणाला शोधते आहे. दुसऱ्या दिवशी जोडीनं पाया पडायला आली तर तुम्ही एवढंच विचारलंत, "जेवलीस का?" ती तिथं जेवढी रडली तेवढी पाठवणीलाही रडली नव्हती.

त्या संध्याकाळी मी डॉक्टरांना विचारलं, थांबलो असतो तर हे टळलं असतं का. ते म्हणाले, तसं कुणालाच सांगता येत नाही, थांबूनही काहींना होतं, न थांबता काहींना होत नाही. शक्यता कमी झाली असती, एवढंच. चांगले डॉक्टर होते. त्यांनी मला दोषही दिला नाही आणि सोडलंही नाही.

पण अक्का, मला आज रडगाणं गायचं नाही. कारण त्यानंतर तुम्ही चार वर्षं जगलात, आणि माझ्या तीस वर्षांतली तीच चार मला खऱ्या अर्थानं मिळाली.

तुम्हाला घरी आणलं तेव्हा मोरीपर्यंत भिंतीला वळसा घालून जावं लागत होतं. ह्यांनी पहारीनं मधली भिंत पाडली. दोन दिवस घरभर धूळ. नरसम्मा नाकाला पदर लावून बघायला आल्या आणि म्हणाल्या, चला, एकीच्या लघवीनं दोन घरं एक झाली. तुम्ही टाक्यांवर हात धरून हसत होतात, हसवू नको गं, उसवतील म्हणत.

पिशवी लावायची पाळी माझी. पोटावर चिकटणारी चकती असते, तिला नेमकं भोक कापावं लागतं. मोठं झालं तर लघवी कातडीवर उतरते, लहान झालं तर त्या नव्या वाटेच्या तोंडाशी आलेल्या लाल बोंडाला काचतं. त्या बोंडाला तुम्ही डाळिंबाची कळी म्हणायचात. माझं माप रोज चुकायचं. वरून ते बोंड आठवड्या-आठवड्याला आकसत होतं. कातडी सोलून निघाली, लुगडी भिजायची, आणि तुम्ही एक शब्द बोलत नव्हतात. एका सकाळी मी चौथी चकती वाया घालवली आणि तिथंच रडायला बसले. तुम्ही म्हणालात, "आन माजी कात्री."

विड्यांची पानं कापायची कात्री. पान कापायला तुमच्याकडं पत्र्याचा तुकडा असायचा. पानावर ठेवायचा आणि कडेनं कात्री फिरवायची, की हजार पानं एका मापाची. तुम्ही कमरेची मिश्रीची डबी काढलीत. रिकामी होती. झाकण वेगळं केलंत, दोऱ्यानं कळीचं माप घेतलंत, आणि गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या पत्रेवाल्याकडून त्या झाकणाला तेवढं भोक पाडून आणवलंत. मग झाकण चकतीवर ठेवून आतून पेन्सिल फिरवली आणि कात्री चालवली. एकदाच. पिशवी बसली ती तीन दिवस हलली नाही. माप बदललं की तुम्ही सांगायचात, आता कळी बारीक झाली, आन नवं झाकण. तीन झाकणं झाली. तिसरं शेवटपर्यंत चाललं.

तुम्ही मला तुमचं पोट दाखवलंत, अक्का. ज्या बाईनं लाजेनं पाच महिने रक्त लपवलं, तिनं. आणि मी, जिला कुणाचं उष्टं पातेलं उचलायला कमीपणा वाटायचा, मी तुमची पिशवी रिकामी करताना आदल्या दिवशीच्या आमटीबद्दल बोलायला शिकले. दोन बायका इतक्या जवळ येतात हे मला माहीत नव्हतं. नवराबायकोसुद्धा येत नाहीत. तुम्ही मला बोलायला शिकवलंत, फक्त जे बोलायचं तेवढं सोडून.

दीड वर्षापूर्वी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी तुम्हाला विनंती केली, वैरागकडची एक बाई आहे, हेच ऑपरेशन ठरलंय, घाबरलीय, तिच्याशी बोला. तुम्ही तिच्या शेजारी बसलात, उभं राहून एक गिरकी घेतलीत, "दिसती का पिशवी लुगड्यावरनं? न्हाय ना? मग." आणि मग म्हणालात, डाक्टर इचारतील ते खरं सांगायचं. खाऊन-पिऊन जायचं. उपास असला तर देवीला म्हनायचं, औंदा माफ कर, पुढल्या साली दुप्पट धरते, देवी काय कागुद करून घेत न्हाय. मी हसत होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात:

"आन डाक्टर थांब म्हनले तर थांबायचं. मला बी थांब म्हनले हुते तीन आठवडे. मीच ऐकलं न्हाय. घरात पोरीचं लगीन हुतं, मलाच घाई."

म्हणजे त्या दिवशी बाकावर तुम्हाला ऐकू येत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. ऑपरेशनला आत जाताना माहीत होतं, नाकात नळी असताना, भिंत पाडताना, मी कळीभोवतीची कातडी पुसत असताना. आणि तुम्ही ते माझ्या अंगावरून उतरवून स्वतःच्या अंगावर घेऊन टाकलंत, अनोळखी बाईसमोर, मी शेजारी असताना.

दवाखान्याच्या फाटकाशी तुम्ही पेरू घेतलात. मीठ-तिखट लावून दोन फोडी केल्या, मोठी मला दिलीत. मी कसंबसं विचारलं, अक्का, तुम्ही तसं का सांगितलंत. तुम्ही पेरू चावत म्हणालात, "कसं?" बराच वेळ तुम्ही बिया थुंकत राहिलात. मग रिक्षाला हात करता करता म्हणालात, "लगीन काय तुज्या एकटीच्या लेकीचं हुतं व्हय?"

तिथं मी पाया पडायला हवं होतं. निदान हो म्हणायला हवं होतं, माझं चुकलं म्हणायला हवं होतं. मी रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. त्यानंतर दीड वर्षं दर तिसऱ्या सकाळी झाकण चकतीवर ठेवताना ते शब्द ओठावर यायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "झाकण सरकतंय, नीट धर." तुम्ही माफ करून मोकळ्या झालात. माफी मागायची मात्र राहिली. तुम्ही गेलात ते दुपारी जेवून पडल्यावर, हृदय थांबून. ऑपरेशनचा, कॅन्सरचा काही संबंध नाही म्हणाले. माझ्यासाठी एवढी सवलतही ठेवून गेलात.

शुभीला मी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "मोठ्या आईला माहीत होतं?" मी म्हणाले, होतं. ती म्हणाली, "मग ती माझ्याशी एकदाही बोलली नाही त्यावर." आणि उठून तिनं चहा टाकला, दोघींचा. ती माझ्यावर रागावली आहे. पण चहा टाकला. तुमच्या हाताखाली वाढलेली आहे.

परवा दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. त्यांना कळलेलं नव्हतं. अक्कलकोटकडची एक आजी आहे, मोठ्या ऑपरेशनची, अक्कांना आणाल का. मी सांगितलं. मग माझ्याच तोंडून निघालं, मी येते.

काल गेले. सत्तरीच्या आसपासची म्हातारी, बरोबर सून. निम्मं कानडीत, निम्मं मराठीत चाललेलं. सुनेच्या हातात भुलेआधीच्या त्याच प्रश्नांचा छापील कागद, माझ्यासारखीच तीही शिकलेली, भराभर उत्तरं देणारी. व्यसनाच्या रकान्यात तिनं आधीच काही नाही लिहून टाकलं होतं. मी म्हातारीला विचारलं, "आजी, दात कशानं घासता?"

म्हातारीनं सुनेकडं पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. मी थांबले. मग तिनं कमरेची डबी काढून बाकावर ठेवली.

मी खांद्यावरच्या पिशवीतून तुमचं झाकण काढलं, भोक पाडलेलं, तिसरं. तिच्या डबीशेजारी ठेवलं. आणि सुनेला म्हणाले, "हे माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. त्यांच्या वेळी डॉक्टर थांबा म्हणाले होते. त्यांना घाई नव्हती. घाई मला होती, आणि खोटं मी बोलले."

आधी तोंडानं बोलले, अक्का. कागद मग घेतला.